सुगंधाचं गाऱ्हाणं

महादू दारू पीत नसे, ही सुगंधाच्या संसारातली सर्वांत मोठी अडचण होती.

खाजणवाडीत बायकोवर हात टाकणारे आणखीही होते. पण ते पिऊन हात टाकत, आणि सकाळी उतरल्यावर वाडीतली चार माणसं त्यांना चार शब्द सुनावत. ही व्यवस्था परिपूर्ण नव्हती, पण व्यवस्था होती. महादूला सुनवायला निमित्तच सापडत नसे. तो पीत नसे, पत्ते खेळत नसे, शिवी देत नसे, एकादशीला माशाला शिवत नसे. शिवाय त्याचा आवाज चांगला होता.

आवाजाचं एवढं महत्त्व अशासाठी, की आमच्याकडे कोणतंही काम देवाला सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. घर बांधायचं असो, लग्न असो, होडी लोटायची असो, एकाने पुढे उभं राहून जे हवं ते मोठ्याने देवाकडे मागायचं. याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. तो एक वाक्य बोलून थांबतो, आणि जमलेली सगळी रयत एका सुरात म्हणते, "व्हय म्हाराजा!" मग पुढचं वाक्य. पद्धत जुनी आहे आणि एका बाबतीत फार पक्की आहे. 'व्हय'शिवाय तिच्यात दुसरं उत्तर नाही. 'नाय म्हाराजा' असं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. पूर्वजांनी तशी सोयच ठेवलेली नाही. आणि एकदा सगळ्यांनी 'व्हय' म्हटलं, की ती गोष्ट ठरली. पुढे कोणी कुरकुर केली तर त्याला विचारतात, "तेव्हा तुझा तोंड खंय होता?"

खाजणवाडीचं गाऱ्हाणं महादू घाली. नारळी पौर्णिमेला, होड्या पहिल्यांदा पाण्यात लोटायच्या आधी, तो हातात नारळ धरून दर्याकडे तोंड करून उभा राहिला की अंगावर काटा येतो, असं लोक सांगत. सुगंधाच्याही अंगावर येई. तिचं कारण वेगळं होतं.

दिवेलागणीला महादू पडवीत बसे आणि सुगंधाला समोर उभी करी. मग डोळे मिटून, हात जोडून, त्याच खणखणीत आवाजात सुरू होई.

"बा देवा म्हाराजा! ह्या बायलेन आज आमटेत मीठ जास्त घातल्यान, म्हाराजा!"

आणि थांबे. सुगंधाने म्हणायचं, "व्हय म्हाराजा."

"बाजारात परक्या माणसाबरोबर हसान बोलली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

मूल झालं नाही, हा मुद्दा रोजचाच असे. शेवटी महादू देवाला सांगे, की याची शिक्षा तिला मिळायला हवी, आणि सुगंधा त्यालाही 'व्हय म्हाराजा' म्हणे. मग तो तिला आत नेई, रेडिओवरचं भजन मोठं करी आणि खुंटीवरचा जाळ्याचा दोर काढी. 'व्हय' म्हणायला तिने वेळ लावला असेल, तर दोराला जास्त काम पडे.

शेजारी सीता राहायची, म्हणजे होडीवर हुकूम चालवणाऱ्या मंगेश तांडेलाची बायको. मधे नुसतं झावळ्यांचं कुंपण. तिला आणि पलीकडच्या दोन घरांना पडवीतला आवाज ऐकू जाई. त्यांची समजूत अशी होती, की महादू गाऱ्हाण्याचा सराव करतो. शब्द सगळे कळत नसत, पण सूर ओळखीचा होता. वाडीसाठी माणूस किती झटतो, पौर्णिमा वर्षातून एकदा आणि हा रोज घसा झिजवतो, याचं सगळ्यांना कौतुक होतं. सीता तर भाविक बाई. कुंपणापलीकडून महादूचा आवाज चढला की ती चुलीसमोर असेल तिथे हात जोडी आणि त्याने थांबायच्या जागी हळूच म्हणे, "व्हय म्हाराजा."

हे तिने अनेक वर्षं केलं.

सुगंधा पळून गेली असं पुढे सगळे म्हणत, पण त्यात पळण्यासारखं काही नव्हतं. चैत्रातल्या एका सकाळी ती नेहमीसारखी मासे घेऊन मालवणच्या बाजारात गेली. तिथे तिचा आवाज सगळ्या तालुक्याच्या ओळखीचा होता; "बांगडे बघा, डोळे बघा तेंचे, तुमच्यापरास ताजे आसत!" असं ती मोठमोठ्या वकिलांना सुनवायची आणि ते हसत पैसे काढायचे. दुपारी पाटी रिकामी झाली. ती स्टँडवर गेली आणि खाजणवाडीच्या गाडीऐवजी तोंडवलीच्या गाडीत बसली. रीतसर तिकीट काढून. तोंडवलीला तिची मावशी आनंदीबाई एकटी राहायची.

मावशीने दारात तिला पाहिलं, रिकाम्या पाटीकडे पाहिलं, पाठीवर चोळीतून दिसणाऱ्या वळाकडे पाहिलं.

"मासे संपले?"

"संपले."

"मगे बस. पेज वाडतंय."

यापलीकडे दोघींत त्याविषयी बोलणं झालं नाही. सुगंधा तिथून बाजाराला जाऊ लागली, एवढंच.

पावसाळा लागला, होड्या वर ओढून झाकल्या गेल्या आणि पुरुषमंडळींना इतरांच्या संसारात लक्ष घालायला सवड मिळाली. खाजणवाडीतून नाना आले. नाना वाडीतले सर्वांत वडीलधारे. दात राहिले नव्हते, पण शब्दाला वजन होतं. मावशीने चहा दिला. नानांनी बशीतून पिऊन बशी उलटी ठेवली.

"सुगंधा, महादू दारू पियणा नाय."

"नाय पियणा."

"बाहेरख्याली नाय."

"नाय."

"मगे तुका आणि काय व्हया गो?"

जे होत होतं त्याला नाव नव्हतं. नुसत्या माराला 'मार' म्हणतात, पण हे तर देवाचं नाव घेऊन होत होतं, आणि ती स्वतः दर वाक्याला हो म्हणत होती. ती म्हणाली, "माका येवचा नाय."

"बरा तर," नाना उठले. "महादू म्हणता, तो पुनवेक गाऱ्हाण्यात घालतलो. 'घर सोडून गेल्ली बायल परत येवंदे' म्हणान. रयत काय म्हणता ती म्हणांदे. देवासमोर झाला म्हणजे झाला."

रयत काय म्हणेल हे नानांनाही माहीत होतं आणि सुगंधालाही. तिचे दोन मामे तोंडवलीतच राहत. त्यांनी आधीच जाहीर केलं, की देवासमोर 'व्हय' झालं की रिक्षा आम्हीच आणतो, भाचीला आम्हीच पोचवतो. ज्या होड्यांचे मासे ती विकायची त्या होड्याही वाडीच्याच. म्हणजे पौर्णिमेला किनाऱ्यावर एक वाक्य, त्याला एक उत्तर, आणि दिवेलागणीला ती पुन्हा पडवीत उभी. आषाढ अर्धा उरला होता आणि अर्धा श्रावण.

आता यतीनविषयी सांगायला हवं. यतीन मालवणात सायकलच्या दुकानावरच्या माळ्यावरून केबल चालवायचा आणि दर बुधवारी आठ वाजता आपल्या चॅनेलवर 'गुन्हा आमच्या गावचा' नावाचा कार्यक्रम दाखवायचा. त्यासाठी तो काळा गॉगल लावी. अडचण अशी होती, की आपल्याकडे गुन्हे होतात, पण दर बुधवारी एक या गतीने होत नाहीत. काजूची चोरी झाली, डिझेलची झाली, दोन कोंबड्यांच्या एका वादावर दोन भाग झाले. मग यतीनला कोणीतरी सुचवलं, की जे गुन्हे कधी लिहिलेच जात नाहीत ते घे. घरातले. बायका तोंड दाखवणार नाहीत, पण बोलतील. त्याने नुसता आवाज ध्वनिमुद्रित करून लावायचं ठरवलं. पडद्यावर तेवढा वेळ एका बंद दाराचं चित्र. दार त्याच्या स्वतःच्याच घराचं होतं, त्यामुळे पहिल्या बुधवारनंतर त्याच्या आईला लोक चार दिवस विचारत होते, "वयनी, तुमच्याकडे सगळा बरा आसा मां?"

पहिल्या बुधवारी फोंडाघाटकडची एक बाई बोलली. तिचा नवरा बाहेर जाताना घरातल्या काड्यापेट्या खिशात घालून जायचा. चूल पेटवायला तिने शेजारी विस्तव मागायचा, आणि संध्याकाळी त्याने विचारायचं, कोणाच्या दारात गेली होतीस. काही वर्षं तिला वाटत होतं, की माणूस विसरभोळा आहे.

आनंदीबाईच्या घरी हे ऐकता ऐकता सुगंधा हसायला लागली. आधी तोंडावर पदर धरून, मग उघड, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अगो, हसतंस कित्याक? ती रडता थय!"

"मावशे," सुगंधा म्हणाली, "तिचो घोव आणि माझो घोव भाव-भाव आसत काय गो?"

तिची इतकी वर्षं अशी समजूत होती, की असली डोकॅलिटी जगात एकाच माणसाला मिळाली आहे आणि तो आपल्या वाट्याला आला. घाटाच्या पायथ्याशी त्याचा जुळा बसलेला निघाला. त्या रात्री तिला पहाटेपर्यंत जाग आली नाही. मावशीने दोनदा उठून ती श्वास घेते ना ते पाहिलं.

पुढच्या बाजाराला सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, विकून झाल्यावर ती सायकलच्या दुकानावरचा जिना चढली.

यतीनने टेपरेकॉर्डर समोर ठेवला आणि तिला धीर दिला. "ताई, घाबरायचं नाही. नाव बदलतो. आवाजही बदलतो. सुरुवात अशी करा, 'ती काळरात्र मी कधीच विसरणार नाही...'"

"रात्र नाय हो. दिवेलागण. शेजारी भजी तळीत होते."

"भजी नको. लोकांचं लक्ष जातं."

"भजी होती तर काय सांगू?"

तिने सगळं सांगितलं. बाजारात बोलते तशा आवाजात, न रडता. यतीनने गॉगल काढला होता. गाऱ्हाण्याचा भाग आला तेव्हा त्याने टेप थांबवली. तो मालवणचाच, त्याच्या लक्षात आलं.

"ताई, हे 'व्हय म्हाराजा' तेवढं गाळूया. नाव बदलून उपयोग नाही मग. तुमच्या वाडीत कोण गाऱ्हाणं घालतं हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्हाला ओळखतील."

खाली दुकानात कोणीतरी चाकात हवा भरत होतं.

"तेवढाच तर सांगूक इलंय," सुगंधा म्हणाली. "लाव."

यतीनने शब्द पाळला. नाव बदललं, ते 'सावित्री' ठेवलं. त्यातली गंमत त्याच्या ध्यानात आली नसावी. आवाज बदलायचं यंत्र नव्हतं म्हणून त्याने टेप जरा हळू फिरवली. पडसं झालेला पुरुष बोलावा तसा तो आवाज येत होता, आणि पहिल्याच वाक्याला मालवणपासून खाजणवाडीपर्यंत लोक म्हणाले, "अरे, ही आमची सुगंधा." मधेच लाईट गेली. त्यामुळे लोकाग्रहास्तव गुरुवारी तो भाग पुन्हा दाखवावा लागला, आणि बुधवारी ज्यांचं चुकलं होतं त्यांचंही पाहून झालं.

सीतेने दोन्ही दिवस ऐकलं. बुधवारी ती जागची न हलता बसून होती. लाईट गेल्यावरही बसून होती. मंगेशने विचारलं, "जेवण वाडतंस मां?" तर ती म्हणाली, "मी व्हय म्हणी होतंय." त्याला वाटलं जेवणाविषयी बोलते आहे.

वाडीत कोणी महादूला तोंडावर काही बोललं नाही. महादूने स्वतःहून सांगितलं, की बायकोला कोणीतरी शिकवलं आहे, देव बघून घेईल. लोकांनी मान डोलवली. पण एक गोष्ट आपसूक होऊन बसली. कुठल्याशा घरात नवऱ्याने जरा आवाज चढवून पाणी मागितलं आणि बायको म्हणाली, "व्हय म्हाराजा!" सासू फिसकन हसली. नवऱ्याने पाणी स्वतः घेतलं. आठवड्याभरात ही खोड तालुकाभर झाली. एस्टीचा कंडक्टर "पुढे सरका" म्हणाला की मागून बायकांचा सूर येई, "व्हय म्हाराजा!" शंभरेक वर्षं ज्या दोन शब्दांनी लोकांच्या अंगावर काटा येत होता, त्यांनी आता गालाला खळी पडू लागली. पुरुषांना याचं वाईट वाटलं. पण ते बोलून दाखवायचं म्हणजे पुन्हा तेच उत्तर ऐकायचं.

एवढं होऊनही पौर्णिमा ठरल्या दिवशीच आली. महादूने गाऱ्हाणं सोडलं नाही, आणि कोणी त्याला सोड म्हणालं नाही, कारण दुसऱ्या कोणाला ते पाठ नव्हतं. मामेही ठरल्याप्रमाणे रिक्षा घेऊन आले. घरी बसलं तर भ्यालो असं होईल, म्हणून सुगंधा मावशीबरोबर त्याच रिक्षातून खाजणवाडीच्या किनाऱ्यावर उतरली आणि बायकांच्या मागे उभी राहिली. तिच्या हातात काही नव्हतं. मावशीच्या हातात छत्री होती. पाऊस नव्हता, तरी ती तिने मुठीत आवळून धरली होती.

होड्यांना हार घातलेले. वारा पडलेला. महादू नवं धोतर नेसून, सोनेरी कागद लावलेला नारळ घेऊन पुढे झाला. त्याने डोळे मिटले.

"बा दर्या म्हाराजा! आज वर्षाप्रमाणे सगळी रयत तुझ्या पायाकडे जमली हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज अजूनही चांगला होता, हे मान्य करायला हवं. दोन-चार बायकांनी खालचा ओठ दातांत धरला.

"होडये दर्यात घालूचे आसत. जाळी भरान येवंदेत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काय वारो-वादाळ येवचा असात, ता बारा कोसार न्हेवन टाक, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

महादूने श्वास घेतला. नारळ जरा उंच धरला.

"आणि जी बायल घर सोडून गेली, तिका बुद्धी दी, आणि तिका तिच्या घोवाच्या घराक परत आण, म्हाराजा!"

आणि तो थांबला.

दरवर्षी सगळ्यांच्या आधी सीतेचा आवाज लागे. बाकीचे तिच्या मागून उचलत. बायकांनी सवयीने सीतेकडे पाहिलं. सीता दर्याकडे पाहत होती. तिचं तोंड बंद होतं. बायकांनीही मग तोंड उघडलं नाही. पुरुषांपैकी कोणी बायकोकडे बघून गप्प राहिला, कोणी हसू फुटेल म्हणून, कोणी दुसरा म्हणेल म्हणून. ज्याचं त्याचं कारण वेगळं असेल, पण झालं ते एकच. लाट आली, फुटली, परत गेली.

महादूने डोळे उघडले. ऐकू गेलं नसावं असं वाटून त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणखी चढ्या आवाजात. पुन्हा थांबला.

"आयकलंव रे," सीता म्हणाली. मोठ्याने नाही, पण वारा पडलेला होता. "पयल्यांदाच आयकूक नाय. कुडणापलीकडसून लय वर्सां आयकलंय. तेव्हा व्हय म्हटलंय, ता पाप माझ्या माथ्यार आसा. आता म्हणूचंय नाय."

महादूचं तोंड उघडंच राहिलं. पुढचं वाक्य त्याला पाठ होतं. पण आधीच्याला उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं म्हणता येत नाही, आणि गाऱ्हाणं पुरं झाल्याशिवाय नारळ सोडता येत नाही, आणि नारळ सोडल्याशिवाय होड्या जात नाहीत. सगळी वाडी त्या एका नारळापाशी अडकून उभी होती. त्याच्या कपाळावरून घाम नाकापर्यंत आला, आणि दोन्ही हातांत नारळ असल्याने तो त्याला पुसता येईना.

"भरती फिरता हा!" होडीजवळून मंगेश ओरडला.

नाना पुढे झाले. त्यांना न्यायाची चाड होती की पापलेटाची, हे त्यांनाच ठाऊक. मला दोन्ही थोडं थोडं असावंसं वाटतं. त्यांनी महादूच्या हातातून नारळ काढून घेतला. महादूने तो सोडायला जरा वेळ लावला, मग सोडला. नानांना गाऱ्हाणं येत नव्हतं आणि दात नसल्याने त्यांचे निम्मे शब्द वाऱ्यावर जात. पण अर्धं गाऱ्हाणं टाकून होडी लोटणारा अजून कोकणात जन्मला नाही.

"बा दर्या... म्हाराजा," नाना म्हणाले, आणि अडले. मागे वळून बायकांच्या गर्दीत त्यांनी सुगंधाला शोधलं. मग पुन्हा पाण्याकडे तोंड केलं. "जी बायल घर सोडून गेली... तिका ती जंय आसा थंय सुखी ठेव. आणि तिच्या वाटेक कोण जायत, तेका तू बघून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तो आवाज मैलभर गेला असेल. पहिला सीतेचा होता. होडीतले खलाशी ओरडले, मामे ओरडले. मामांना नंतर आठवलं, की रिक्षा आपण कशासाठी आणली होती. पण देवासमोर 'व्हय' म्हणून झालं होतं, आणि म्हणून झालेलं परत घेण्याची सोयही पूर्वजांनी ठेवलेली नाही.

त्या सगळ्या किनाऱ्यावर एकटी सुगंधा गप्प उभी होती. आनंदीबाईने तिला छत्रीने डिवचलं.

"अगो, म्हण मां! तुझ्यासाठीच चल्ला हा."

"तुम्ही म्हणा," सुगंधा म्हणाली. "माझो कोटो कधीचोच भरलो."

नारळ पाण्यात गेला. होड्या गेल्या. महादू गर्दीतून निघून घराकडे गेला. कोणी त्याला वाट दिली नाही आणि अडवलंही नाही. गणपतीनंतर तो गोव्याकडच्या एका ट्रॉलरवर खलाशी म्हणून लागला. तिथे तांडेल बोलतो आणि बाकीचे ऐकतात, असं त्याच्याविषयी शेवटचं कळलं.

रिक्षाचं भाडं दोन्ही बाजूंचं ठरलेलं होतं, म्हणून ती तोंडवलीला परत आली. खड्डे पुष्कळ होते. सुगंधाने मावशीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती घोरायला लागली. मोठ्याने, अगदी तोंड उघडं टाकून. पुढे बसलेला मामा वळून म्हणाला, "लोक काय म्हणतील गो, रस्त्यार?" आनंदीबाई म्हणाली, "तू आपली फुडची वाट बघ."

यतीनकडे त्यानंतर बुधवारची चिंता उरली नाही. कुणकेश्वराकडून बायका आल्या, वरच्या गावांतून आल्या. त्याने गॉगल लावायचं सोडून दिलं. आईच्या सांगण्यावरून दाराचं चित्रही बदललं आणि उघड्या खिडकीचं लावलं. सीता दर पौर्णिमेला तोंडवलीला सुगंधासाठी नारळाच्या वड्या घेऊन येऊ लागली. दोघी ओट्यावर बसून मासे, सुना आणि महागाई यांविषयी बोलतात. त्या एका गोष्टीविषयी बोलत नाहीत. बोलून झालेलं आहे.

सुगंधा आजही बाजारात बसते. तिचा आवाज होता तसाच आहे. एक बारीकसा फरक तेवढा नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या लक्षात आला आहे. "सुगंधा, बांगडे ताजे आसत मां?" असं विचारलं तर पूर्वी ती "व्हय तर!" म्हणायची. आता ती बांगडा उचलून त्याचे गलफडे उघडते, गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरते आणि म्हणते, "माका कित्याक विचारतंस? डोळे दिले हत मां देवान?"